मोटारीची बॅटरी भरत का नाही?

बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात घरची मोटार ही केवळ हौसेची वस्तू राहिलेली नाही. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील खेड्यांतून रात्री-अपरात्री रुग्णास बीदर, उदगीर अथवा सोलापूर येथे न्यावयाचे झाल्यास तिचाच आधार असतो. अशा वेळी किल्ली फिरवावी आणि 'टिक् टिक्' एवढाच आवाज व्हावा, यासारखी अडचण नाही. पुष्कळ लोक मग तडक नवी बॅटरी आणतात, आणि आठ दिवसांत तीही उतरली म्हणजे दुकानदारास बोल लावतात. वस्तुतः दोष बॅटरीत आहे, की तिला भरणाऱ्या यंत्रात, एवढे आधी ठरविले पाहिजे.

बॅटरीत वीज पाण्यासारखी साठविलेली नसते. साठते ते रासायनिक बळ. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शोधून काढलेला शिशाचा घटच आजही बहुतेक मोटारींत असतो. एका पत्र्यावर शुद्ध शिसे, दुसऱ्यावर शिशाचे ऑक्साइड आणि दोहोंमध्ये पातळ केलेले गंधकाम्ल. वीज देताना दोन्ही पत्र्यांवर शिशाचे सल्फेट जमते व आम्लाचे पाणी होत जाते; उलट दिशेने प्रवाह सोडला की ही क्रिया उलटते. बीदरचे बिदरी कारागीर ज्या जस्ताचा व नवसागराचा वापर करतात, तीच द्रव्ये विजेरीच्या जुन्या धाटणीच्या कोरड्या घटातही असतात. परंतु तो घट एकदा संपला की संपला. शिशाच्या घटाचे वैशिष्ट्य हेच की तो पुन्हा भरता येतो. असे सहा घट जोडून मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी होते.

आता परीक्षा. गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन अग्रांना व्होल्टमापक लावावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. नंतर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत घेऊन इंजिन सुरू करावे, मदतीच्या तारा काढाव्यात आणि पुन्हा मोजावे. आकडा १३.८ ते १४.५ पर्यंत चढला तर भरणारे यंत्र ठीक आहे. तो १२ च्या आसपासच रेंगाळला तर नव्या बॅटरीने काहीही साधणार नाही. १५ च्या वर गेला तर दाब आवरणारा रेग्युलेटर बिघडला असून बॅटरीतील पाणी उकळून चालले आहे असे समजावे. काही नव्या गाड्या हा दाब आपण होऊन कमी-अधिक करतात, म्हणून एकाच मोजणीवर निकाल देऊ नये.

आकडा चढत नसेल तर प्रथम स्वस्त कारणे पाहावीत. ऑल्टर्नेटर फिरविणारा पट्टा सैल, तुटलेला अथवा तेलकट आहे काय? अग्रांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचली आहे काय? ही पूड प्रवाहाची वाटच अडविते; खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ती धुवावी, पुसून कोरडे करावे व वर थोडे व्हॅसलिन लावावे. बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्यास जाणारी जाड तार व फ्यूज पाहण्यास लोक हमखास विसरतात. किल्ली फिरविताच बॅटरीचे चित्र असलेला लाल दिवा लागून इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळी लागतच नसेल तर तेथूनच शोधास आरंभ करावा.

येथे एका जुन्या सवयीविषयी स्पष्ट लिहिणे आम्हांस अवश्य वाटते. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून 'गाडी चालते की बंद पडते' हे पाहण्याची रीत काही ठिकाणी अद्याप आहे. डायनामोच्या काळी ती कशीबशी खपून जाई. ऑल्टर्नेटरच्या गाडीत मात्र दाब एकाएकी उसळून डायोड व इतर नाजूक भाग जळतात.

भरणारे यंत्र ठीक असूनही बॅटरी धरत नसेल, तर दोष तिच्यातच. पुण्या-हैदराबादेस नोकरी करणाऱ्या मंडळींची गाडी गावच्या वाड्यात महिनोन् महिने उभी असते. घड्याळ वगैरे किंचित वीज ओढत राहतात, उन्हाळ्यात कलबुर्गीकडे पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि उष्णतेत बॅटरी आपोआपही लवकर उतरते. मग पत्र्यांवरील सल्फेटचे कठीण खडे बनतात व ते सहजी विरघळत नाहीत. अशी बॅटरी भरताना दाब झटकन चढतो आणि तितक्याच झटकन पडतो. विश्रांतीनंतर आकडा १०.५ च्या आसपास दिसला तर सहांपैकी एक घट मेला आहे. तेथे उपाय नाही. कधी बॅटरी इतकी उतरते की स्वयंचलित चार्जर तिला ओळखतच नाही. ते काम जाणत्या कारागिरावर सोपवावे.

झाकणे उघडणाऱ्या बॅटरीत पत्रे पाण्याखाली बुडालेले असावेत. उडून जाते ते पाणी, आम्ल नव्हे. म्हणून आम्ल घालू नये. विहिरीचे पाणीही नको. शहाबाद, चित्तापूर, सेडम भागांतील चुनखडीच्या खडकातील पाणी क्षारयुक्त असते, आणि बीदरच्या जांभ्या दगडात लोह आहे. लोहाचा अंश बॅटरीत गेला तर ती उभ्या-उभ्या उतरते. ऊर्ध्वपातित पाणीच घालावे.

बॅटरी भरताना हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा जवळ बिडी-काडी नको. तार काढताना ऋण अग्राची आधी काढावी व बसविताना शेवटी, म्हणजे पाना सांगाड्यास लागला तरी ठिणगी उडत नाही. आम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास बराच वेळ पाणी सोडीत राहून वैद्याकडे जावे. जुनी बॅटरी मुलांनी फोडू नये. शिसे विषारी आहे. ती दुकानात परत दिली की नवीच्या किमतीत काही सूट मिळते, आणि आतले शिसे वितळवून पुन्हा नव्या पत्र्यांसाठी वापरले जाते.