आहारविकार : हट्ट नव्हे, उपचारसाध्य आजार

एकादशीचा उपवास दुसऱ्या दिवशी सुटतो. संकष्टीचा चंद्रोदयानंतर सुटतो. परंतु जो उपवास सुटतच नाही, तो व्रत नसून व्याधी असण्याचा संभव असतो.

वजन वाढेल या भीतीने जेवण सतत टाळणे, अथवा अनावर होऊन भरमसाट खाणे व नंतर ते ओकून टाकणे, ही आहारविकाराची दोन प्रमुख रूपे होत. पहिल्यास विल्यम गल या इंग्रज वैद्यांनी १८७३ साली ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ असे नाव दिले. दुसऱ्याचे ‘बुलिमिया नर्व्होसा’ या नावाने वर्णन जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली केले. हा आजार मुलींमध्ये अधिक आढळत असला, तरी मुलगेही त्यातून सुटलेले नाहीत.

डबा न खाता परत नेणे, जेवताच न्हाणीघरात जाणे, वजन झपाट्याने घटणे, पाळी बंद होणे, घेरी येणे ही लक्षणे शिक्षकांनी व पालकांनी वेळीच ओळखावीत. वारंवार ओकल्याने रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाच्या ठोक्यांत बिघाड होऊ शकतो. अशा वेळी दृष्ट काढण्यात वा रागावण्यात दिवस दवडू नयेत.

या आजारात शरीर व मन दोन्ही गुंतलेली असतात. म्हणून नुसत्या टॉनिकाने भागत नाही आणि नुसत्या उपदेशानेही नाही. प्रकृती तपासणारा डॉक्टर, मनोविकारतज्ज्ञ व आहारतज्ज्ञ या तिघांचे साहाय्य एकत्रित मिळणे, हाच योग्य आधार होय.

हुबळी-धारवाडच्या नागरिकांना हा आधार दूर शोधावा लागत नाही. धारवाड मुंबई इलाख्यात असताना १८४५ साली तेथे मनोरुग्णालय सुरू झाले. त्याच परंपरेत आजची ‘डिमहान्स’ ही शासकीय मानसिक आरोग्य संस्था उभी आहे. शारीरिक तपासणीसाठी हुबळीत १९५७ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. कोठे जावे हे उमगत नसल्यास २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यान्वये प्रत्येकाचा हक्क असून, रुग्णाची माहिती गुप्त राखणे बंधनकारक आहे.

घरच्या मंडळींनी एक गोष्ट विशेष ध्यानी ठेवावी. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्यास एकदम पोटभर जेवू घालणे धोक्याचे असते. त्यामुळे रक्तातील फॉस्फेट एकाएकी घटून प्राणावर बेतू शकते. आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच वाढवावा. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात विकसित झालेल्या उपचारपद्धतीत आईवडिलांना दोषी न मानता उपचारातील सहकारी मानले जाते. किशोरवयीन रुग्णांना या पद्धतीचा चांगला लाभ झाल्याचे दिसून आले आहे.

बरे होण्यास महिने, क्वचित वर्षेही लागतात. मध्यंतरी आजार उलटला तरी उपचार सोडू नयेत. ताटावर सोबत बसणे, देहयष्टीवरून थट्टा न करणे आणि ठरल्या दिवशी रुग्णालयात नेणे, एवढे घरातील प्रत्येकास करता येण्यासारखे आहे.