सिव्हिल नव्हे, सिबिल

बचत गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ताई, माझं सिव्हिल खराब हाय, बँक लोन देईना." सोलापुरात सिव्हिल म्हणजे सरकारी दवाखाना. तो खराब म्हणून बँकेनं कर्ज का अडवावं? आम्ही पोटभर हसतो आणि सांगतो, शब्द आहे सिबिल. ही २००० साली सुरू झालेली कंपनी. कोणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवते, ३०० ते ९०० मध्ये गुण देते. जास्त तितके चांगले. अशा चार कंपन्या आहेत, पण नाव झालं हिचंच. कुठलंही वनस्पती तूप डालडा, तसं.

'सेटलमेंट'चं मात्र हसू येत नाही. आपण म्हणतो, "सेटल केलं, मिटलं." नोंदीत 'सेटल्ड' म्हणजे पूर्ण पैसे भरले नाहीत. पुढचं कर्ज तिथंच अडू शकतं. वसुलीवाला सूट देतो म्हणाला, तर आधी विचारा, खातं 'क्लोज्ड' दिसणार की 'सेटल्ड'? पूर्ण फेडलं की थकबाकी नसल्याचा दाखला लेखी घ्या. नोंद वर्षातून एकदा फुकट मिळते. जावेला जामीन राहिला असाल, तर तिचं कर्जही त्यात दिसतं. तेही बघून घ्या.