घरची भाषा शाळेत शिकताना

जी भाषा मूल घरी बोलते तीच शाळेत परभाषा म्हणून शिकविली जाऊ लागली, तर त्या मुलाने वर्गात करावे काय? "त्याला सगळे येतेच, त्याचे गुण ठरलेले!" असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुस्थिती तशी नसते.

अमेरिकेतील स्पॅनिशचे उदाहरण घेऊ. तेथे चार कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात, आणि हायस्कुलांत परभाषा म्हणूनही सर्वांत अधिक विद्यार्थी तीच घेतात. त्यामुळे एकाच बाकावर अभिवादनापासून आरंभ करणारा मुलगा, आणि आजीशी रोज स्पॅनिश बोलणारी मुलगी, असा योग येतो. पहिल्याचा धडा दुसरीस कंटाळवाणा होतो. पण तीच मुलगी लिहावयास बसली म्हणजे अडखळते. स्पॅनिशमध्ये 'एच' अक्षर लिहितात, उच्चारत नाहीत. 'बी' व 'व्ही' ही अक्षरे दोन, उच्चार एकच. भाषा कानाने शिकलेल्या मुलीने ती ओळखावी कशी? घरात सर्वांस 'तू' म्हणण्याची सवय असेल (हा शब्द स्पॅनिशमध्येही 'तू' असाच आहे), तर आदरार्थी 'उस्तेद' वापरून पत्र लिहिणे जड जाते.

खरा धोका याहून मोठा आहे. मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांत मालमोटारीस 'त्रोका' म्हणतात. पुस्तकात 'कामिओन' असते. शिक्षकांनी 'त्रोका' तांबड्या शाईने खोडला, की आपल्या आईचे बोलणेच अशुद्ध, असा समज मुलगी करून घेते. मग ती घरीही ती भाषा बोलेनाशी होते.

म्हणून तेथील स्पॅनिश व पोर्तुगीज शिक्षकांच्या संघटनेने १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात, शक्य तेथे अशा मुलांची वेगळी तुकडी करावी, असे सुचविले. तुकडी शक्य नसेल तेथेही तीन गोष्टी करता येतात. आरंभी बोलण्यावरून न ठरविता एक पानभर लिहून घ्यावे. धडा येत असेल त्यास त्या वेळी गोष्टीचे पुस्तक, वर्तमानपत्र वा आजीची मुलाखत लिहून काढण्याचे काम द्यावे. इतरांस शिकविण्याच्या कामी मात्र नित्य जुंपू नये. आणि घरचा शब्द न खोडता त्याशेजारी ग्रांथिक शब्द लिहावा, कोणता कोठे शोभतो ते सांगावे. कॅलिफोर्नियाने तर २०११ साली कायदा करून, इंग्रजीसह आणखी एका भाषेत प्रावीण्य मिळविणाऱ्यांच्या शालान्त प्रमाणपत्रावर विशेष मुद्रा देण्याची सोय केली.

आम्हां बडोदेकरांस यात आपलेच घर दिसते. येथे मराठी परभाषा नव्हे. परंतु शाळा गुजराती वा इंग्रजी माध्यमाची असली म्हणजे घडते तेच. मूल मराठी घडाघडा बोलते, पण 'आणि' लिहिताना 'आणी' लिहिते, आणि आजोबांचे पत्र दुसऱ्याकडून वाचून घेते. त्याच्या बोलण्यातील गुजराती शब्दांस हसू नये. रोज रात्री एक पान मोठ्याने वाचून घ्यावे, आठवड्यास एक पत्र लिहवून घ्यावे. बोलणे आपण दिलेच आहे. लेखन-वाचनाची जोड देणेही आपल्याच हाती आहे.