फोल्डरचं नाव बदललं आणि अख्खा व्हिडिओ लाल झाला, ही ‘मीडिया ऑफलाइन’ची भानगड नेमकी काय असते?

लग्नसराईचे दिवस. शूटिंगची ऑर्डर घेतलेल्या पोराने चार रात्री जागून हळदीपासून वरातीपर्यंतचा व्हिडिओ एडिट केलाय. सकाळी नवरदेवाचा फोन येणार. लॅपटॉपवर जागा उरली नाही म्हणून तो ‘न्यू फोल्डर २’ हार्ड डिस्कवर हलवतो आणि जाता जाता त्याला चांगलं नावही देतो. मग ॲडोबी प्रीमियर उघडतो, तर नवरीच्या जागी लालभडक स्क्रीन आणि त्यावर अनेक भाषांत एकच निरोप, मीडिया ऑफलाइन.

पहिल्यांदा हे बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. खरं तर काहीच गेलेलं नसतं.

होतं असं की, प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतोच. तिच्यात असतात पत्ते आणि सूचना. डी ड्राइव्हवर ‘हळद’ फोल्डरमध्ये अमुक नावाची क्लिप आहे, ती १२व्या सेकंदापासून १९व्या सेकंदापर्यंत घे, रंग थोडा उजळ कर, वगैरे. १०० मेगाबिट प्रति सेकंद या दराने शूट केलेलं तासाभराचं फुटेज साधारण ४५ जीबी भरतं, पण त्याची प्रोजेक्ट फाइल अनेकदा काही एमबीतच मावते ती यामुळेच. कितीही कापाकापी केली तरी मूळ क्लिपला धक्का लागत नाही, हा याचा फायदा. आणि क्लिपने घर बदललं की सॉफ्टवेअर जुन्याच पत्त्यावर जाऊन कडी वाजवत बसतं, हा तोटा.

विंडोजवर तर काही न हलवताही हे होतं. काल ‘ई’ असलेली हार्ड डिस्क आज ‘एफ’ म्हणून जोडली गेली, की सगळे पत्ते चुकले.

उपाय सोपा आहे. ‘लिंक मीडिया’मध्ये जाऊन एक हरवलेली क्लिप आता कुठे आहे ते दाखवायचं. त्याच फोल्डरमधल्या बाकीच्या क्लिप सॉफ्टवेअर बहुतेक वेळा आपणच शोधतं. पण फायलींची नावं बदलली असतील तर मात्र एकेक ओळखत बसावं लागतं. म्हणून नावं बदलायची ती एडिटिंग सुरू करण्याआधी, नंतर नाही.

मोबाइलवर रील करणारेही यातून सुटलेले नाहीत. काही ॲप क्लिपची प्रत स्वतःकडे ठेवतात, काही गॅलरीतल्याच क्लिपवर अवलंबून असतात. गुगल फोटोजमध्ये ‘फ्री अप स्पेस’ दाबलं की क्लाउडवरची प्रत राहते, फोनमधली उडते, आणि अर्धवट ड्राफ्ट उघडला की क्लिप गायब. रील अपलोड होईपर्यंत गॅलरी साफ करायची नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

मग जागा करायची कशी? कॅश आणि प्रॉक्सी फायली बिनधास्त उडवा, मूळ क्लिप शाबूत असतील तर त्या पुन्हा बनवता येतात. मूळ फुटेज आणि प्रोजेक्ट फाइल यांना मात्र हात लावायचा नाही. ‘ऑटोसेव्ह चालू आहे की’ म्हणून निर्धास्त राहणारे इथेच फसतात. ऑटोसेव्ह प्रोजेक्ट फाइलच्या प्रती ठेवतं, फुटेजच्या नाही. कार्ड फॉरमॅट झालं आणि डिस्क पडली, तर हातात उरतात फक्त पत्ते. नवरीची पाठवणी काही पुन्हा शूट होत नसते.

बॅकअप असूनही धडा मिळालेलं मोठं नाव म्हणजे पिक्सार. १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू असताना कुणीतरी सर्व्हरवर फायली पुसणारी कमांड दिली. स्क्रीनवर वूडीची टोपी गेली, मग बूट गेले, मग वूडीच गेला. बॅकअप घेतला जात होता, पण तो नीट होत नव्हता हे तेव्हा कळलं. वाचवलं ते गॅलिन सुसमन यांच्या घरच्या कॉम्प्युटरने. बाळ लहान असल्याने त्या घरून काम करत आणि तिथे सिनेमाची एक प्रत होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीतून स्टुडिओत आणला गेला. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये सिनेमा थिएटरला लागला.

लग्नाच्या व्हिडिओला सर्व्हर लागत नाही, दोन हार्ड डिस्क पुरतात, फक्त त्या एकाच बॅगेत ठेवायच्या नाहीत. काम संपलं की प्रीमियरच्या ‘प्रोजेक्ट मॅनेजर’मधून सगळ्या फायली एका फोल्डरमध्ये गोळा करून घ्यायच्या. मग मूळ डिस्क काढून ठेवून त्या फोल्डरमधला प्रोजेक्ट उघडून बघायचा. एखादी क्लिप लाल दिसली तर ती बाहेरच राहिलीय. आणि टायटल विचित्र दिसलं तर फॉन्ट राहिलाय, कारण प्रोजेक्ट मॅनेजर फॉन्ट सोबत घेत नाही. तो हाताने कॉपी करावा लागतो.