जीवाणूंची ढाल, सुरगाण्याची आशा

१९५२ साली विज्ञानात दोन शोध लागले आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे तेव्हा कुणाला वाटले नसते. अमेरिकेत साल्वाडोर लुरिया आणि मेरी ह्यूमन यांना दिसले, की ठरावीक जीवाणूत वाढलेला विषाणू बाहेर पडल्यावर नेहमीच्या जीवाणूंत वाढेनासा होतो. त्याच वर्षी लेहमन आणि कटबुश यांना निलगिरीच्या आदिवासींच्या रक्तात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष आढळला. या दोन धाग्यांची गाठ पडायला सत्तर वर्षे लागली. सिकलसेल आढळणाऱ्या नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, कळवणच्या आदिवासी पाड्यांसाठी ही गाठ मोलाची आहे.

जीवाणूंनाही विषाणूंची बाधा होते. या जीवाणूभक्षी विषाणूंना फाज म्हणतात. नदीत, मातीत, आपल्या आतड्यांत ते अगणित असतात. फाज आपला डीएनए जीवाणूत सोडतो, आत स्वतःच्या प्रती बनवतो आणि अखेर जीवाणूला फोडून बाहेर पडतो. अशा शत्रूपुढे जीवाणू टिकतात कसे?

पहिले उत्तर वर्नर आर्बर यांनी १९६०च्या दशकात दिले. जीवाणूकडची विकरे परका डीएनए कापतात. स्वतःच्या डीएनएवर मात्र जीवाणू रासायनिक खुणा करून ठेवतो, त्यामुळे तो डीएनए सुरक्षित राहतो. १९७० साली हॅमिल्टन स्मिथ यांनी ठरावीक जागीच कापणारे असे विकर वेगळे केले. डॅनियल नेथन्स यांनी त्याचा वापर करून दाखवला. १९७८चे नोबेल या तिघांना मिळाले. याच कात्र्यांमुळे जीवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेता आले आणि १९८२पासून ते औषध म्हणून मिळू लागले.

दुसरे उत्तर अधिक थक्क करणारे होते. १९८७ साली ओसाकात योशिझुमी इशिनो यांच्या गटाला ई. कोलाय या जीवाणूच्या डीएनएत पुन्हा पुन्हा येणारा एक विचित्र क्रम दिसला. स्पेनमधले फ्रान्सिस्को मोहिका वर्षानुवर्षे अशा क्रमांच्या मागे लागले. त्यांमधले तुकडे विषाणूंच्या डीएनएशी जुळतात, हे त्यांनी २००५ साली मांडले. तलाठ्याच्या दप्तरात फेरफाराच्या नोंदी क्रमाने चढाव्यात, तशा जीवाणूच्या डीएनएत आजवरच्या हल्लेखोरांच्या नोंदी चढत गेल्या होत्या. २००७ साली डॅनिस्को कंपनीच्या संशोधकांनी दह्या-चीजच्या विरजणातल्या जीवाणूवर प्रयोग करून हे सिद्ध केले. फाजच्या हल्ल्यातून वाचलेल्या जीवाणूंत त्या फाजचा नवा तुकडा आला होता आणि तो काढून टाकताच संरक्षणही गेले. हीच क्रिस्पर प्रणाली. जुन्या नोंदीवरून बनलेला आरएनए वाट दाखवतो आणि कॅस९ विकर नेमक्या जागी कापते. २०१२ साली जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिये यांनी या कात्रीला हवा तो पत्ता देता येतो हे दाखवले. त्यांना २०२०चे नोबेल मिळाले.

शोध तिथे थांबला नाही. क्रिस्परला निष्प्रभ करणारी फाजची प्रथिने २०१३ साली सापडली. २०१८ साली इस्रायलमधल्या रोटेम सोरेक यांच्या गटाने जीवाणूंच्या आणखी अनेक संरक्षण प्रणाली उजेडात आणल्या. त्यापुढच्या वर्षी एका प्रणालीचे आपल्या प्रतिकारशक्तीशी नाते असल्याचे दिसले. तिच्यात बाधित पेशी स्वतः मरते आणि शेजारच्या पेशी वाचवते.

आता दुसरा धागा. सिकलसेलच्या वाहकाला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाच्या पट्ट्यांत तो टिकला. पण दोन्ही पालकांकडून दोष आला, तर लेकराच्या वाट्याला जन्मभर वेदना आणि रक्ताची कमतरता येते. जीवाणूंच्या त्याच कात्रीने रुग्णाच्या पेशींच्या डीएनएत नेमका बदल करता येतो. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटनने सिकलसेलवरच्या अशा क्रिस्पर उपचाराला जगात पहिली मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेची ‘बिरसा १०१’ ही भारतीय उपचारपद्धती जाहीर झाली. संस्थेने जीवाणूच्याच कॅस९मध्ये सुधारणा केली असून उत्पादनासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला आहे.

लुरियांपासून मोहिकांपर्यंत बहुतेकांना औषध शोधायचे नव्हते. त्यांना एक प्रश्न सोडवायचा होता आणि त्यासाठी वेळ मिळाला. म्हणूनच मूलभूत संशोधनाचा पैसा वाया जातो असे म्हणणाऱ्यांना हा इतिहास सांगायला हवा. आता जबाबदारी प्रयोगशाळेबाहेरची आहे. हा उपचार मान्यतेच्या कसोट्यांतून पार पडला, की तो सुरगाण्याच्या मजुराच्या मुलाला सरकारी खर्चाने मिळायला हवा. तोवर गावोगाव रक्ततपासणी, वेळेवर हायड्रॉक्सियुरिया हे औषध आणि लग्नाआधीचे समुपदेशन यांत एकही पाडा सुटता कामा नये.