नोटेतला मोर

चिंगे, ही पाचशेची नोट धर बघू. उजवीकडे खाली पाचशेचा आकडा आहे ना, तो कुठल्या रंगाचा? हिरवा? आता नोट जरा तिरकी कर. झाला की नाही निळा? शाई तीच, डोळेही तुझेच. मग हिरवा गेला कुठे?

ही करामत माणसाच्या कितीतरी आधी मोराला साधली. मोरपिसात निळा रंगच नसतो, हिरवाही नसतो. पीस खलबत्त्यात अगदी बारीक कुटलंस, तर हाती येईल नुसती काळपट भुकटी. पिसाच्या तंतूंत डोळ्यांना न दिसणाऱ्या कांड्या ठरावीक अंतरावर, थरावर थर रचलेल्या असतात. उजेड वरच्या थरावरून परततो, खालच्या थरावरूनही परततो, आणि परतीच्या वाटेवर दोन्ही लाटांची गाठ पडते. चढाला चढ मिळाला की तो रंग खुलतो, चढाला उतार भेटला की विझतो. पीस कललं की खालून येणाऱ्या लाटेची वाट बदलते, मग खुलणारा रंगही दुसराच.

या शाईतही असेच अतिपातळ थरांचे कण असतात. बिचारं झेरॉक्सचं यंत्र बघणार एकाच बाजूने, त्यामुळे त्याच्या हाती एकच रंग लागतो. ती नकल कितीही हलव, आकडा ढिम्म!

आता नोट उजेडासमोर धर. कोऱ्या जागेत गांधीजी दिसले? तिथे शाईचा ठिपकाही नाही. कागदाचा ओला लगदा जाळीवर पसरतो, तेव्हा जाळीच्या खोलगट भागात तंतू जास्त साचतात, उंचवट्यावर कमी. दाट तिथे सावली, विरळ तिथे उजेड. आणि लगदा कापसाचा हं! बाबाच्या पँटबरोबर नोट धुतली गेली तरी तिचा चोथा होत नाही, ते उगाच नाही.

डोळे मीट. कडेवरून बोट फिरव. पाच तिरक्या रेघा लागल्या? कोरलेल्या पत्र्याच्या खाचांत शाई भरतात आणि कागद त्यावर जबर दाबाने दाबतात, म्हणून ती अशी उठून बसते. पाचशेला पाच रेघा आणि गोल, नव्या शंभराला चार रेघा आणि त्रिकोण. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ही सोय, आणि मला विचारशील तर साऱ्या नोटेत मोलाची हीच. खोट एवढीच, की हाताळून हाताळून रेघा झिजतात. आजीच्या डब्यातली जुनी नोट आण, तिच्यावर किती लागतात बघू.