एक चरण, दोन वृंद : हाइनरिश श्युट्सची स्तोत्रे

चरणातच दोन आवाज

बायबलच्या जुन्या करारात दीडशे स्तोत्रे आहेत. मराठी बायबलमध्ये या भागाला ‘स्तोत्रसंहिता’ म्हणतात. त्यांतल्या बहुतेक चरणांचे दोन तुकडे पडतात : पहिल्यात एक गोष्ट सांगायची, दुसऱ्यात तीच निराळ्या शब्दांत म्हणायची किंवा पुढे न्यायची. ही मूळ हिब्रू काव्याची घडण असल्यामुळे भाषांतरातही ती टिकते. मठांमध्ये दोन गट समोरासमोर बसून ही स्तोत्रे आळीपाळीने म्हणत. सुरुवातीच्या बरोक संगीतकारांना सवाल-जवाबाचा साचा असा आयताच मिळाला.

व्हेनिसची शिकवणी

व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये गायक-वादकांचे गट वेगवेगळ्या ठिकाणी उभे करून गाण्याची परंपरा सोळाव्या शतकात बहरली. घुमटांखाली आवाज घुमत राहतो. त्या घुमण्याचाच संगीतकारांनी उपयोग करून घेतला. जोव्हानी गाब्रिएली तिथले ऑर्गनवादक. १६०९ मध्ये जर्मनीतला कायद्याचा एक विद्यार्थी, हाइनरिश श्युट्स, त्यांच्याकडे शिकायला आला. हेसे-कासेलचे संस्थानिक मोरित्स यांनी त्याला वर्षाला दोनशे टालर देऊ केले होते. १६१२ मध्ये गुरू वारले. जाताना त्यांनी आपली एक अंगठी या शिष्यासाठी ठेवली.

१६१९ : ‘डेव्हिडची स्तोत्रे’

ड्रेस्डेनला सॅक्सनीच्या दरबारात रुजू झाल्यावर श्युट्सने २६ रचनांचा हा संग्रह छापला. शब्द बहुतेक लूथरच्या जर्मन भाषांतरातले. अर्पणपत्रिकेवर तारीख १ जून, म्हणजे त्याच्या लग्नाचा दिवस! वृंद दोन प्रकारचे : निवडक गायकांचा छोटा आणि भरदारपणासाठी वापरायचा मोठा.

मला मात्र या भव्यतेपेक्षा प्रस्तावनेतली एक सूचना मोलाची वाटते. श्युट्स बजावतो की लय घाईची नको, शब्द कळले पाहिजेत. म्हणून बऱ्याच जागी सगळा वृंद एकाच वेळी एकेक अक्षर, बोलल्यासारखे उच्चारतो. सूर बाजूला थांबतो आणि वाक्य पुढे जाते.

१३६ वे स्तोत्र ऐकावे. त्याच्या २६ही चरणांचा उत्तरार्ध एकच : देवाची दया सर्वकाळ टिकते. आपल्या भजनात टाळकरी ध्रुपद उचलतात तसेच. कंटाळा येण्याचा धोका उघड आहे. पण इथे श्युट्सच्या हाताशी अनेक वृंद आहेत, एका रचनेत तर तुताऱ्याही. त्यामुळे तेच वाक्य दर वेळी नव्या वजनाने येते.

युद्धात आटलेला वृंद

१६१८ मध्ये पेटलेले तीस वर्षांचे युद्ध हळूहळू सॅक्सनीलाही ओढून घेऊन गेले. गायक उरले नाहीत, पैसा उरला नाही. १६३६ आणि १६३९च्या ‘छोट्या धार्मिक कॉन्चेर्टों’मध्ये श्युट्स एक ते पाच आवाज आणि सोबतीला ऑर्गन एवढ्यावर भागवतो.

पुन्हा दोन वृंद

१६७१ मध्ये, पंचाऐंशी ओलांडल्यावर, त्याने ११९ वे स्तोत्र हाती घेतले. १७६ चरणांचे हे सर्वांत लांब स्तोत्र त्याने दोन वृंदांसाठी, आठ आवाजांत, अकरा भागांत बसवले. पुढच्याच वर्षी तो वारला. या रचनेच्या काही आवाजांच्या वह्या पुढे गहाळ झाल्या. त्या ओळी अभ्यासकांनी उरलेल्या आवाजांवरून नव्याने रचल्या आणि १९८४ मध्ये संपूर्ण रचना छापून आली.